व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेली पुरातत्त्व मंडळं म्हणजे श्रीमंतांची निव्वळ हौस होती का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. १८४० नंतर अशी मंडळं एवढी भराभर का निघाली, आणि जमीनदार-पाद्र्यांच्या सहलींपलीकडे त्यांनी काही केलं का. मी शिक्षणासाठी दोन वर्षं ब्रायटनला होतो. शेजारच्या लुइस गावी १८४६ मध्ये निघालेल्या ससेक्स परगण्याच्या मंडळाची गोष्ट तिथे असताना मनापासून वाचली, त्यामुळे तिच्यावरूनच सांगतो.

हौस होतीच. पण लुइसला मंडळ निघालं ते रेल्वेच्या कुदळीमुळे.

ऑक्टोबर १८४५ मध्ये ब्रायटनहून लुइसकडे येणाऱ्या रेल्वेचं खणकाम चालू होतं. रूळ आखले होते ते थेट सेंट पँक्रसच्या जुन्या मठाच्या अवशेषांमधून. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा सरदार विल्यम द वॉरेन आणि त्याची बायको गुंड्राडा यांनी अकराव्या शतकात स्थापलेला हा मठ. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाची परंपरा पाळणारा इंग्लंडमधला पहिलाच. आठव्या हेन्रीने १५३७ मध्ये तो बंद करून पाडायला लावला, आणि पुढे तीनशे वर्षं पडक्या भिंती तेवढ्या उरल्या. मजूर खणत असताना शिशाच्या दोन पेट्या लागल्या. एकीवर गुंड्राडाचं नाव, दुसरीवर विल्यमचं. आत हाडं.

पेट्या जेमतेम तीन फुटांच्या होत्या. एवढ्याशा पेटीत माणूस मावत नाही. म्हणजे मूळ थडग्यातली हाडं गोळा करून नंतर कधीतरी ती पुन्हा पुरलेली होती. त्याहून विलक्षण म्हणजे गुंड्राडाच्या थडग्यावरची काळी संगमरवरी शिला सत्तरेक वर्षं आधीच, १७७४ मध्ये, इसफील्डच्या चर्चमध्ये दुसऱ्याच एकाच्या थडग्यात बसवलेली सापडली होती आणि लुइसच्या सदओव्हर चर्चमध्ये आणून ठेवली होती. शिला आधी आली, बाई मागाहून. १८४७ मध्ये त्या चर्चला जोडून एक लहानसं दालन बांधलं आणि शिला व हाडं एकाच छताखाली आली. मी ते दालन पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून पाय निघाला नाही.

सगळ्यांच्या नशिबी मात्र असं दालन नव्हतं. याच खणकामात हाडांनी भरलेला एक खोल खड्डा लागला. राजा आणि बंडखोर सरदार यांच्यात १२६४ मध्ये झालेल्या लुइसच्या लढाईत पडलेल्यांची ती असावीत, असं तेव्हा मानलं गेलं. ती हाडं गाड्या भरभरून नेली आणि रेल्वेच्या भरावात टाकली. हे वाचून मला आजही कसंतरी होतं.

जून १८४६ मध्ये ब्रायटन-लुइस गाडी सुरू झाली आणि त्याच महिन्यात मंडळही स्थापन झालं. (मुंबई-ठाणे गाडी यायला अजून सात वर्षं होती.) पुढाकार घेणाऱ्यांत लुइसच्या लढाईवर नुकतंच पुस्तक लिहिलेले विल्यम ब्लाऊ होते, तसे मार्क अँटनी लोअरही होते. लोअर गावातले शाळामास्तर. त्यामुळे सगळा कारभार उमरावांचा होता, हे मला पटत नाही. देशपातळीवरची पुरातत्त्व संघटना १८४३ मध्ये लंडनला निघाली होती, पण लवकरच तिच्यात फूट पडली. लुइसमागून विल्टशायर (१८५३), सरे (१८५४), केंट (१८५७) अशी मंडळं निघत गेली.

आता काम. १८४८ मध्ये मंडळाच्या लेखसंग्रहाचा पहिला खंड छापून आला. १८५० मध्ये लुइसचा किल्ला भाड्याने घेऊन त्यांनी तिथे बस्तान बसवलं. १८५२ मध्ये लोअर आणि चार्ल्स रोच स्मिथ यांनी पेव्हन्सीच्या रोमन कोटात उत्खनन केलं. खुद्द गुंड्राडावरून अभ्यासकांत केवढा वाद! शिलेवरच्या लॅटिन ओळींत तिला ड्यूकांच्या कुळातली म्हटलं आहे, त्यामुळे ती राजा विल्यमचीच मुलगी, असा जुना समज होता. थॉमस स्टेपल्टन यांनी १८४६ मध्येच तिच्या आईबापांविषयी लिहिलं. १८८८ मध्ये इतिहासकार फ्रीमन यांनी पुन्हा हा प्रश्न तपासून ती राजाची मुलगी नव्हे असं मांडलं. हाडं रेल्वेने वर काढली, पण ती कुणाची लेक हे शोधायला चाळीस वर्षं कागदच चाळावे लागले.

उणिवाही खऱ्या आहेत. त्या काळी दुपारच्या फराळाआधी प्राचीन थडग्यावरची एखादी मातीची टेकाडी फोडून मोकळे होणारे हौशी पुष्कळ होते. थर नीट पाहून, फुटकं खापरसुद्धा जपून खणायची शिस्त हळूहळू आली. पुढे पिट-रिव्हर्स या नावाने ओळखले गेलेले जनरल लेन फॉक्स यांनी १८७७-७८ मध्ये लुइसजवळच्याच माउंट कॅबर्न टेकडीवर खणलं, ते त्या नव्या वळणाचं काम. आणि प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा पहिला कायदा व्हायला १८८२ उजाडलं. १८४५ मध्ये रेल्वेला अडवायला लुइसच्या लोकांच्या हाती काहीच नव्हतं.

हे मंडळ आजही चालू आहे, किल्ला त्याच्याच ताब्यात आहे, खंडही निघतात. तिकडे जाणं झालं तर ब्रायटनहून लुइसला गाडीने जा. स्टेशन येण्याच्या जरा आधी गाडी मठाच्या चर्चच्या जागेवरूनच जाते. उजवीकडच्या खिडकीत बसा. उरलेल्या भिंती त्याच बाजूला आहेत.