दावा टाकू का खटला भरू?

प्रश्न : ताई, आमच्या घरचा कापूस गावातल्याच व्यापाऱ्याले देल्ला, त्यानं नगदी न देता माह्या नावाचा चेक देल्ला, बँकेत टाकला तं वापस आला. वीस दिवस झाले. ठाण्यात गेलो तं म्हणे हे सिव्हिल मॅटर आहे, दावा टाका. दीर म्हणते खटला भर, आत गेला पाहिजे तो. दोन्ही एकच असते का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : एक नाही ताई, पण आधी तारखेचं. चेकसोबत बँकेनं रिटर्न मेमोचा छोटा कागद दिला नं, तो मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. हे तुम्हाला फोनवर सांगितलंच, इथं बाकीच्यांसाठी लिहिते. कोणाचे 30 दिवस निघून गेले असतील तर चेकवरच्या तारखेपासून 3 महिन्यांच्या आत तो परत बँकेत टाकता येते, पुन्हा परत आला की नवा मेमो, नवे 30 दिवस.

आता दावा म्हणजे माझे पैसे मला द्या, एवढंच. तो दिवाणी कोर्टात तुम्ही टाकायचा, तुम्ही वादी, व्यापारी प्रतिवादी, जिंकलं की डिक्री, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम, तरी नाही दिले तर दरखास्त, म्हणजे त्या हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकून जप्ती. त्यात शिक्षेचा विषयच नाही. खटला असतो गुन्ह्याचा, पोलिसांनी गुन्हा नोंदवला की तो सरकार चालवते, कागदावर महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक असं येते, वकील सरकारी, तुम्ही फिर्यादी आणि साक्षीदार. मग नंतर मनात आलं म्हणून तुम्हाला एकटीला तो मागं घेता येत नाही.

ठाण्यातले बोलले ते अर्धं खरं आहे. नुसती उधारी बुडवली म्हणून फसवणूक होत नाही, माल घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागते. गावातल्या बऱ्याच जणांना त्यानं असेच चेक दिले असतील तर सगळे मिळून परत ठाण्यात जा, जुनं 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे.

पण चेकसाठी वेगळा रस्ता आहे आणि माझ्या मते तुम्ही तोच धरा. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम 138. आहे हा गुन्हाच, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण पोलिसांची गरज नाही, तक्रार तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेटपुढं करता. नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस, तेवढ्यात पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार गेलीच पाहिजे. तुमचं खातं ज्या शाखेत तिथल्याच हद्दीतलं कोर्ट लागते, त्याच्या मागं दुसऱ्या गावी फिरायचं काम नाही. मध्येच त्यानं पैसे दिले तर आपसात मिटवताही येते.

एक मात्र ध्यानात ठेवा, 138 ची केस लांबत राहते आणि इकडं वसुलीच्या दाव्याची 3 वर्षांची मुदत गुपचूप संपून जाते. केस चालू असतानाही दावा टाकता येते, तेव्हा वकिलाला हे आजच विचारा. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं अर्ज करा, बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, 15100 वर फोन केला तरी माहिती मिळते.

आणि काट्याची ती चिठ्ठी, वजन नं भाव लिहिलेली, जपून ठेवा. चेक तर नुसता भरवशासाठी दिला होता, असं कोर्टात म्हणायला तो मागंपुढं पाहणार नाही.