पाळी अनियमित आहे? मग चौदाव्या दिवसाचा हिशोब सोड

अगं, बाळासाठी प्रयत्न करतेयस, तर ॲपने दाखवलेल्या तारखेवर विसंबू नकोस. चौदाव्या दिवसाचं ते गणित २८ दिवसांच्या पाळीचं. बीज फुटतं, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडतं, ते पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १४ दिवस आधी. तुझी पाळी कधी ३५, कधी ५० दिवसांनी येते, तर तो दिवस आधी कसा कळणार? त्यापेक्षा योनीतून येणारा स्राव बघत जा. अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, बोटांत ताणला जाणारा स्राव दिसला की ते दिवस संबंधासाठी सोडू नका. एरवी दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले तरी चालतं, कारण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात.

ओव्ह्युलेशन किटवर (बीज कधी फुटणार ते लघवीतून सांगणाऱ्या पट्ट्यांवर) फार पैसे घालू नकोस. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा बिघाड) असेल तर एलएच, म्हणजे ही पट्टी मोजते ते हार्मोन, मुळातच वाढलेलं असू शकतं, मग पट्टी उगाच गडद रेघ दाखवते आणि जीव टांगणीला लागतो.

वर्षभर वाट बघा, हे नियमित पाळीवाल्यांसाठी. तू आत्ताच डॉक्टरकडे जा. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी करून घे. नवऱ्याची वीर्यतपासणीही सोबतच, घरात कुणी नाक मुरडलं तरी. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम आजपासून. मैत्रिणीला लागू पडलं म्हणून लेट्रोझोल (बीज तयार व्हायची गोळी) परस्पर मेडिकलमधून आणू नकोस. आणि पाळी यायची गोळी घेण्याआधी दर वेळी प्रेग्नन्सी टेस्ट करच.