लॅपटॉपसाठी कर्ज काढण्याआधी

पत्र: माझी मुलगी लातूरला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी व्हिज्युअल स्टुडिओ (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) लागतो आणि आमच्या जुन्या, ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो चालत नाही, असं ती म्हणते. वर्गातल्या मुलांनी ७० हजारांचा लॅपटॉप सुचवलाय. पतसंस्थेतून कर्ज काढावं का? तिचं वर्ष वाया जाऊ नये, एवढंच वाटतं.
– एक पालक, अहमदपूर

उत्तर:

नमस्कार दादा,

या प्रोजेक्टसाठी कर्ज काढू नका. पत्रासोबत लेकीने विषयाचा कागद जोडला ते फार बरं झालं, नाहीतर मलाही अंदाजाने बोलावं लागलं असतं. द्राक्ष निर्यातदारांसाठी बिलिंगचा प्रोग्राम, आणि त्यात युरोपातल्या खरेदीदाराचा व्हॅट नंबर, म्हणजे तिथला कर नोंदणी क्रमांक, खरा आहे का ते तपासायची सोय. विषय चांगला आहे. अडचण आहे ती या दुसऱ्या भागाची, आणि त्यासाठी नवा लॅपटॉप लागत नाही.

तुमची मुलगी खोटं बोलत नाहीये. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ ला मायक्रोसॉफ्ट कमीत कमी ४ जीबी रॅम सांगतं, पण नेहमीच्या कामासाठी १६ जीबीची शिफारस करतं. डिस्कवर साधारण २० ते ५० जीबी जागा जाते. तुमच्या लॅपटॉपवर तो रडतखडतच चालणार. पण त्या सगळ्या पसाऱ्यातून तिला हवी आहे एकच गोष्ट, आणि ती वेगळी, फुकट मिळते. इथून पुढचं तिला वाचायला द्या.

बाळा, व्हॅट नंबर तपासणारी युरोपीय आयोगाची ऑनलाइन सेवा प्रोग्रामला जोडण्यासाठी सरांनी तुला मेनूतून 'सर्व्हिस रेफरन्स' जोडायला सांगितलं असणार. ते बटण दाबल्यावर आत काय होतं? एक छोटा प्रोग्राम त्या सेवेची डब्ल्यूएसडीएल फाइल, म्हणजे सेवा काय करते आणि तिच्याशी कसं बोलायचं याचं वर्णन, वाचतो आणि तिच्यावरून सी शार्प भाषेतले क्लास, म्हणजे तयार कोड, लिहून देतो. याच कामाचं कमांड लाइनवरचं साधन मायक्रोसॉफ्टनेच दिलेलं आहे: डॉटनेट-एसव्हीसीयुटिल. डॉटनेटचं एसडीके, म्हणजे सी शार्पचे प्रोग्राम तयार करायच्या साधनांचा संच, घे, झिप स्वरूपातलं. ते काही शे एमबीचं आहे, कॉलेजच्या वायफायवर उतरवून पेनड्राइव्हवर आण. झिप उघडून वापरता येत असल्यामुळे लॅबच्या मशीनवरही अॅडमिन पासवर्ड मागत बसावं लागत नाही. मग 'डॉटनेट टूल इन्स्टॉल' ही आज्ञा देऊन ते साधन बसव, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा आणि साधनाच्या नावापुढे डब्ल्यूएसडीएलचा पत्ता दे. सर्व्हिसरेफरन्स नावाचं फोल्डर तयार होईल आणि त्यात रेफरन्स नावाची सी शार्प फाइल असेल. कोड लिहायला व्हीएस कोड हा हलका एडिटर पुरे, अगदी नोटपॅडही चालेल.

पण थांब, साधन चालवण्याआधी ती डब्ल्यूएसडीएल फाइल ब्राउझरमध्ये उघड आणि खालून वर वाच. बहुतेक मुलं वरून वाचायला घेतात आणि टाइप्सच्या, म्हणजे माहितीच्या प्रकारांच्या, जंगलात हरवतात. सगळ्यात खाली 'सर्व्हिस' असतं, त्यात सेवेचा खरा पत्ता. त्याच्या वर 'बाइंडिंग', म्हणजे निरोप कोणत्या पद्धतीने जाणार. आणखी वर 'पोर्टटाइप', म्हणजे सेवा कोणकोणती कामं करते. तुझ्या युरोपीय आयोगाच्या सेवेत तिथे 'चेकव्हॅट' हे काम दिसेल. त्याला देशाचा कोड आणि व्हॅट नंबर द्यायचा, उत्तरात नंबर वैध आहे की नाही, नाव आणि पत्ता येतो. एवढं कळलं की तयार झालेला कोड परका वाटत नाही. मुलाखतीत मी उमेदवारांना हेच विचारायचे, आणि बटणावर शिकलेली मुलं इथेच अडायची.

याच सेवेची एक चाचणी आवृत्तीही आहे. तिची डब्ल्यूएसडीएल वेगळी, नावात 'टेस्ट' असलेली. तिला व्हॅट नंबर म्हणून १०० पाठवलास तर वैध असं उत्तर येतं, २०० पाठवलास तर अवैध. २०१ पाठवलास तर चुकीच्या माहितीची एरर येते आणि ३०२ पाठवलास तर टाइमआउटची. म्हणजे नेट नीट चालू असतानाही 'समोरच्याने वेळेत उत्तर दिलं नाही' ही स्थिती तुला हवी तेव्हा घडवता येते. निर्यातदाराचं बिल टाइमआउटमुळे अडकलं तर तुझा प्रोग्राम काय करणार, हे डेमोत दाखव. परीक्षकांना असा प्रोजेक्ट सहसा बघायला मिळत नाही.

तयार झालेल्या फाइलमध्ये हाताने काही बदलू नकोस. डब्ल्यूएसडीएल बदलली की तो कोड पुन्हा तयार करायचा असतो, तुझे बदल तिथेच पुसले जातील. जे लिहायचं ते वेगळ्या फाइलमध्ये. आणि कोणती आज्ञा दिलीस ती जशीच्या तशी लिहून ठेव.

आज्ञा लिहून ठेवायला का सांगते, त्याचं कारण माझ्या जुन्या नोकरीत आहे. या कामाकडे वळण्याआधी मी विमा क्षेत्रातल्या एका सॉफ्टवेअरवर काम करायचे. आम्ही जावा ८ वरून ११ वर गेलो आणि रात्रीचं बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम आपोआप तयार होण्याचं काम, बंद पडलं. जावा ६ पासून जेडीके या जावाच्या साधनसंचासोबत येणारं डब्ल्यूएसइम्पोर्ट, हेच कोड तयार करणारं साधन, जावा ११ मध्ये म्हणजे सप्टेंबर २०१८ ला काढून टाकलेलं होतं. बिल्ड सर्व्हरवर मेनू नसतो, क्लिक करायला माणूस नसतो. आम्ही अनुभवी लोक दोन दिवस चाचपडलो, कारण आमची सगळी सवय बटणाची. शेवटी नव्याने लागलेल्या एका मुलाने तेच साधन मेव्हन या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये वेगळं जोडून दिलं. कॉलेजात साधा संगणक वापरावा लागल्यामुळे त्याला ही वाट माहीत होती. पुढे इंटिग्रेशनची सगळी कामं त्याच्याकडे गेली.

तुला जावाकडे वळावंसं वाटलं तर अपाची सीएक्सएफ हा फुकट साधनसंच बघ. झिप उघडायची, आतलं डब्ल्यूएसडीएल-टू-जावा चालवायचं, बास. फक्त आवृत्ती बघून घे: ४ पासून पुढे पॅकेजची नावं 'जावाएक्स' ऐवजी 'जकार्ता' अशी येतात आणि जुन्या कोडशी जुळत नाहीत.

ही सेवा ज्या पद्धतीने निरोप पाठवते तिचं नाव सोप. ती शिकून पुढे काय, हा प्रश्न तुझ्या मनात असेल. नव्या सेवा बहुतेक रेस्ट या दुसऱ्या, सुटसुटीत पद्धतीवर असतात हे खरं. पण बँका, विमा, टेलिकॉम, विमान तिकिटं या ठिकाणी सोपच्या जुन्या सेवा अजून चालू आहेत आणि त्या सांभाळायला माणसं लागतात. शिवाय रेस्टकडेही हीच रीत आहे. तिथे डब्ल्यूएसडीएलच्या जागी ओपनएपीआयची फाइल असते आणि ओपनएपीआय जनरेटर नावाची एक जार फाइल तिच्यावरून कोड काढून देते. प्रोजेक्ट संपला की एक रविवार त्याला दे.

दादा, आता पुन्हा तुमच्याकडे. पुढे मुलीने मोबाइल अॅपचं काम निवडलं तर मात्र अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर या लॅपटॉपवर नीट चालणार नाही. तेव्हासुद्धा आधी लातूरच्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप उघडून रॅम वाढवता येते का आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसते का, ते विचारून घ्या. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तिथे वाढवता येत नाही. बसत असेल तर तो खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने फारच कमी येतो.

पतसंस्थेचा फॉर्म भरला नसेल तर तसाच राहू द्या. पंधरा दिवसांत कोड तयार होऊन चाचणी सेवेचं उत्तर आलं का ते मला मुलीकडूनच कळवा. आणि ३०२ पाठवल्यावर तिच्या स्क्रीनवर काय आलं, तेही तिला लिहायला सांगा.