एसटीडी गेली, आता चॅनल मोजा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दुकान-ऑफिसच्या फोनबद्दल प्रश्न मागवले होते, भरपूर आले, त्यातले पाच घेतलेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलं म्हणून फक्त गाव टाकलंय.

प्रश्न: सर, आमचं कापडाचं ट्रेडिंग आहे, गिऱ्हाईक सुरत, अहमदाबाद, बंगळूर असं सगळीकडे. ऑफिसात सहा माणसं, दोन जुन्या लँडलाइन. बाहेरगावचे कॉल खूप असतात, तर लाँग डिस्टन्सला स्वस्त प्लॅन कुठला? एकजण म्हणतो पीआरआय घ्या, दुसरा म्हणतो सिप. डोकं चालेना. (इचलकरंजी)

उत्तर: बाहेरगावच्या कॉलचं टेन्शन पहिलं डोक्यातून काढा. १९६० साली लखनौ-कानपूर अशी देशातली पहिली एसटीडी (ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी फोन लावायची सोय) सुरू झाली आणि नंतर कित्येक वर्षं आपण सगळे पिवळ्या बूथमधे मीटरच्या त्या लाल आकड्यांकडे बघत घाईघाईने बोललो, पण १ मार्च २००६ ला बीएसएनएल-एमटीएनएलने वन इंडिया प्लॅन आणला, देशात कुठेही बोला एक रुपया मिनिट, तिथून अंतराची किंमत उतरतच गेली. आज बहुतेक प्लॅनमधे शेजारच्या हुपरीला लावा नाहीतर सुरतेला, पैसे तेवढेच. त्यामुळे सेल्सवाला "एसटीडी फ्री" म्हणून काही विकायला लागला तर हसून ऐकून घ्या फक्त.

आता पैसे लागतात ते एकाच वेळी किती कॉल चालणार याचे. दोन लाइन म्हणजे दोन कॉल, तिसऱ्या गिऱ्हाइकाला एंगेज टोन, आणि व्यापारात एंगेज टोन ऐकलेला माणूस पुढच्या दुकानाला फोन लावतो. पीआरआय म्हणजे एका लाइनवर ३० चॅनल, म्हणजे ३० जण एकदम बोलू शकतात. सहा माणसांना तीस चॅनल कशाला हो? सिपमधे फोन इंटरनेटसारख्या फायबरवरून येतो आणि चॅनल पाहिजे तेवढे घेता येतात, तुम्हाला चार-पाच पुरे. एका कॉलला साधारण १०० केबीपीएस लागतात, म्हणजे स्पीडचा प्रश्नच नाही, प्रश्न असतो लाइन दिवसातून किती वेळा पडते त्याचा. म्हणून घेताना दोन गोष्टी लिहून घ्या: लाइन पडली की कॉल आपोआप मोबाइलवर वळला पाहिजे, आणि एकच मेन नंबर सगळ्या चॅनलवर फिरला पाहिजे (याला हंटिंग म्हणतात).

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. तुमचा जुना नंबर बिलबुकावर, बोर्डावर, गठ्ठ्यांवर छापलेला असणार. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची (पोर्ट करायची) सोय २०११ पासून देशभर आहे, लँडलाइनला ती सोय नाही. कंपनी बदलली की नंबर गेला! तेव्हा आधी आहे त्याच कंपनीला विचारा, हाच नंबर फायबरवर किंवा सिपवर टाकून देता का म्हणून. हो म्हणाले तर थोडं महाग पडलं तरी तेच घ्या असं माझं मत.

प्रश्न: आमचं छोटं हॉस्पिटल आहे, ईपीएबीएक्स (आतले फोन जोडणारं छोटं एक्स्चेंज मशीन) बसवलेलं. रिसेप्शनवरून मोबाइलला फोन लागतो पण वॉर्डातल्या कुठल्याच फोनवरून लागत नाही, लगेच टूं-टूं येतं. कंपनीचा माणूस म्हणतो लाइन ओके आहे. (पुणे)

उत्तर: लाइन ओकेच असणार. तुमच्या मशीनमधे जुनं एसटीडी लॉक आहे, पैज लावतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना पुढे शून्य लावावा लागतो. आणि पूर्वी खर्च वाचवायला आपण काय करायचो, रिसेप्शन सोडून बाकी एक्स्टेंशनना (आतल्या फोनना) शून्याने सुरू होणारे नंबर बंद करून ठेवायचो. म्हणजे नियम बदलला आणि एसटीडीच्या कुलपात मोबाइलपण अडकला.

ईपीएबीएक्सवाल्याला बोलवा, त्याला सांगा की प्रत्येक एक्स्टेंशनला कुठले आकडे चालतील याचं टेबल उघड, एक शून्य मोकळा कर, आणि दोन शून्य म्हणजे आयएसडी (परदेशी कॉल) तेवढं बंद ठेव. बाहेरची लाइन घ्यायचा शून्य वेगळा हं, तो मशीनचा. म्हणजे सिस्टरना सांगताना असं सांगा: आधी शून्य दाबा, टोन आला की परत शून्य आणि मग मोबाइल नंबर. हे कागदावर लिहून प्रत्येक फोनशेजारी चिकटवा, नाहीतर रोज कुणीतरी विचारणार.

प्रश्न: आम्ही द्राक्ष एक्स्पोर्ट करतो, सीझनमधे हॉलंडच्या बायरशी रोज बोलणं. आयएसडी पॅक घ्यावा का? एक ओळखीचा म्हणतो, माझ्याकडे बॉक्स आहे, परदेशातले कॉल निम्म्या दरात लोकल नंबरवर उतरवून देतो. (नाशिक)

उत्तर: त्या ओळखीच्याला नमस्कार करा आणि लांब राहा. खोक्यात सिमकार्डं घालून परदेशी कॉल लोकल करून द्यायचे हे बेकायदा एक्स्चेंज झालं, यात पोलीस केस होते.

रोजच्या बोलण्याला व्हॉट्सअ‍ॅप कॉल किंवा गूगल मीट वापरा, बायरलाही तेच सोयीचं असतं, फक्त ऑफिसच्या नंबरचं अकाउंट ठेवा, पोराच्या पर्सनल नंबरवर नको, तो नोकरी सोडून गेला की बायरपण गेला. आयएसडी लागतं ते तिकडच्या शिपिंग ऑफिसला, पोर्टवाल्यांना, जे अ‍ॅपवर येत नाहीत. याचे पैसे मिनिटावरच लागतात अजून, म्हणून एकाच मोबाइलवर छोटा पॅक टाका, बाकी सगळीकडे आयएसडी बंद. (आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जातात, साडेचार तासांचा फरक साडेतीन होतो, ऐन सीझनमधे गोंधळ नको.)

सिपवर ईपीएबीएक्स असेल तर अजून एक. एक्स्टेंशन १०१ आणि पासवर्डपण १०१ असं बऱ्याच ठिकाणी असतं. चोर इंटरनेटवरून असली मशीनं शोधतात आणि शनिवारी रात्री, सुट्टीत, महागड्या देशांतल्या नंबरांना तासन्‌तास कॉल लावून ठेवतात, सोमवारी तुम्हाला पत्ताही नसतो आणि बिल तुमच्या नावावर. पासवर्ड बदला, आयएसडीला कंपनीकडूनच महिन्याची लिमिट लावून घ्या.

प्रश्न: ठिबकचे पार्ट बनवतो. शेतकऱ्यांसाठी टोल फ्री घ्यायचा विचार आहे, १८०० की १८६०? आणि त्यावरूनच नवीन स्कीमचे कॉलपण करता येतील का? (जळगाव)

उत्तर: १८०० ला फोन करणाऱ्याला काही लागत नाही, सगळं बिल तुमचं. १८६० ला त्याला लोकल कॉलचे पैसे पडतात. शेतकऱ्याकडे आता बहुतेक अनलिमिटेड प्लॅन असतो म्हणून फरक कमी झालाय, पण १८०० दिसला की माणूस बिनधास्त फोन लावतो, आणि पॅकिंगवर तो शोभतोही. महिन्याला मोजकेच कॉल येत असतील तर मात्र साधा नंबर ठेवा, उगाच भाडं कशाला.

स्कीमचे कॉल त्यावरून नाहीत. जाहिरातीच्या कॉलला रजिस्ट्रेशन करून १४० ने सुरू होणारा नंबर घ्यावा लागतो. ऑफिसातल्या पोरीला साध्या मोबाइलवरून दिवसभर कॉल करायला बसवलंत आणि लोकांनी १९०९ वर तक्रारी केल्या की नंबर बंद होऊ शकतो, आणि तोच नंबर नेमका जीएसटीला, बँकेला दिलेला असतो.

जीएसटीवरून आठवलं, फोन बिलावर १८ टक्के असतो, बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या, क्रेडिट मिळतं. बरेचजण वर्षानुवर्षं घरच्या नावाने कनेक्शन चालवतात आणि हे सोडून देतात.

प्रश्न: आमचं होमस्टे आहे. कॉपरची लाइन काढून फायबर दिलं, आवाज छान, पण लाइट गेली की फोन मेला. पूर्वी असं नव्हतं. (गुहागर)

उत्तर: पूर्वी तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, म्हणून अंधारातही फोन चालायचा. फायबरमधून वीज येत नाही, तुमच्याकडचा मोडेम लाइटवर चालतो. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो तो लावा, मोडेमच्या अ‍ॅडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघून घ्या, कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या बेसलाही बॅकअप द्या नाहीतर मोडेम चालू आणि फोन बंद. पावसाळ्यात तुमच्याकडे लाइट जाते ती जातेच, तेव्हा नंबरला मोबाइलवर फॉरवर्ड पण टाकून ठेवा, मे महिन्यातच.