सॉफ्टवेअर डेव्हलपर आपापसात एवढं कशावर हसतात?

तुमचा प्रश्न असा: धाकटी बहीण डेव्हलपर आहे, घरून काम करते. काल तिच्या कॉलवर कोणीतरी "माझ्या मशीनवर तर चालतंय" एवढंच म्हणालं आणि पाचही जण पोट धरून हसले. यात हसण्यासारखं काय होतं?

वाक्यात काहीच नव्हतं. गंमत ही की त्या पाचही जणांनी हेच वाक्य कधी ना कधी अगदी गंभीर चेहऱ्याने, पूर्ण प्रामाणिकपणे म्हटलेलं असतं. चौदा वर्षं या धंद्यात आहे. मी किती वेळा म्हटलंय ते मोजलेलं नाही.

होतं काय की, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर सहा महिन्यांपूर्वी टाकलेलं आणि विसरलेलं एखादं सॉफ्टवेअर असतं, कुठेतरी एक सेटिंग बदललेलं असतं. प्रोग्रॅम गुपचूप त्याच्या आधारावर उभा असतो. टेस्टर सांगते, चालत नाही. आपण म्हणतो, माझ्याकडे चालतंय. मग ठरलेलं उत्तर येतं: "बरं, तुझा लॅपटॉपच ग्राहकाकडे पाठवून देऊ." मजा म्हणजे 2013 मध्ये डॉकर नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, बांधून पाठवणं सर्रास सुरू झालं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. म्हणजे लॅपटॉप पाठवायची थट्टा आम्ही जवळजवळ खरी करून दाखवली. वाक्य मात्र गेलं नाही. आता म्हणतात, "माझ्या कंटेनरमध्ये तर चालतंय."

आमचे बहुतेक विनोद असे स्वतःच्या फजितीवरचे असतात, म्हणून बाहेरच्याला ते कोरडे वाटतात. माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मेल पाठवणारा प्रोग्रॅम तपासत होतो. मजकूर लिहिला, "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री." पाठवायचा होता स्वतःला. जोडलेला होतो मात्र खऱ्या डेटाबेसला, ज्याला आम्ही प्रॉडक्शन म्हणतो आणि ज्याचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. मेल सगळ्या ग्राहकांना गेली. मी घामाघूम. दहा मिनिटांत तीन ग्राहकांची उत्तरं आली, "आवाज येतोय." ती कंपनी सोडून कितीतरी वर्षं झाली, पण त्या टीममधलं कोणीही फोन केला की मी "हॅलो" म्हणायच्या आत पलीकडून "आवाज येतोय" ऐकू येतं.

याचा उपयोगही असतो, बरं का. नव्याने आलेल्या मुलाच्या हातून पहिल्यांदा काही मोडलं की तो पांढराफटक पडतो. अशा वेळी आमच्याकडे त्याच्यावर कोणी हसत नाही. दोन जुने लोक आधी आपापले पराक्रम सांगून टाकतात. एकाने डेटाबेसमधल्या टेबलातली (तक्त्यातली) एक ओळ पुसायला जाऊन अट लिहायचीच विसरून अख्खं टेबल रिकामं केलेलं असतं, दुसऱ्याने शुक्रवारी संध्याकाळी "छोटासाच बदल आहे" म्हणून नवा कोड चढवलेला असतो आणि शनिवार-रविवार सगळ्या टीमला कामाला लावलेलं असतं. मुलाच्या चेहऱ्यावर रंग परत येतो. मग त्याला सांगतात, आता बॅकअप कुठे आहे ते शोधू.

ही खोड जुनी आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) एक पतंग, म्हणजे उडणारा किडा, अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी लिहिलं की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. (बग म्हणजे इंग्रजीत किडा, आमच्या भाषेत प्रोग्रॅममधली किंवा यंत्रातली चूक.) बग हा शब्द त्या दिवशी जन्मला असं सगळीकडे सांगतात, ते खरं नाही. एडिसनने 1878 च्या एका पत्रातच यंत्रातल्या खोडीला बग म्हटलंय. उलट शब्द आधीपासून रुळलेला होता म्हणूनच त्या नोंदीत गंमत आहे: इतकी वर्षं बग बग म्हणत होतो, हा घ्या खराखुरा किडा! मशीन बंद पडलेलं असताना सुचलेला विनोद आहे हा. अस्सल आमच्या जातकुळीचा.

काही चुका तर दुरुस्तच करता येत नाहीत, त्यांच्यावर हसण्यावाचून इलाज नसतो. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की ब्राउझर बऱ्याचदा नव्या पानाला सांगतो, हा अमुक पानावरून आलाय. त्या माहितीचं नाव "रेफरर". इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला आर दोनदा हवा, पण वेबचे नियम, म्हणजे प्रमाण, ठरवताना एकच पडला. त्या नियमांच्या 1996 च्या दस्तऐवजात तसाच छापला गेला आणि आज जगभरचे ब्राउझर इमानेइतबारे तेच चुकीचं स्पेलिंग पाठवतात. सुधारायला गेलं तर बाकी किती मोडेल याची गणती नाही. आमच्या टीममध्ये कोणी कोडमधलं स्पेलिंग सुधारायला निघालं की एवढंच म्हणतात, "राहू दे, आता ते प्रमाण आहे."

आणखी एक प्रकार. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, "ब्लेम" नावाची कमांड आहे, कोडची कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते नावानिशी सांगते. एखादा भयंकर कोड दिसतो, आपण "हे कुठल्या महाभागाने लिहिलंय" म्हणत मोठ्या ऐटीत ती चालवतो आणि उत्तरात आपलंच नाव येतं. माझ्या बाबतीत हे भर मीटिंगमध्ये झालंय, स्क्रीन सगळ्यांना दिसत असताना. दोन सेकंद शांतता. मग माझी सीनियर म्हणाली, "महाभागांना विचारा, वेळ आहे का?"

कोडमध्ये मोकळी जागा सोडायला टॅब की स्पेस, कोड लिहायला कुठला एडिटर चांगला, या वादांत मी पडत नाही. ते हसण्यावारी सुरू होतात आणि हसण्यावारी संपत नाहीत.

घरचा भाग मात्र सांगायलाच हवा, कारण ही भाषा ऑफिसात राहत नाही. कुठलंही काम किती वेळात होईल असं विचारलं की डेव्हलपर म्हणतो, दोन दिवस. हे अनुमान नसतं, सवय असते. माझी बायको वेगळ्याच क्षेत्रातली, पण तिने हे पहिल्या वर्षातच ओळखलं. मी "दहा मिनिटांत आलो" म्हटलं की ती शांतपणे जेवून घेते. एकदा तिने सांगितलं, नळ गळतोय. मी जाऊन पाहिलं, एक थेंब नाही. सवयीने तोंडातून गेलं, "माझ्याकडे रिप्रोड्यूस होत नाहीये." म्हणजे तू सांगतेस ती चूक मला दिसत नाहीये. तेव्हा ती काही बोलली नाही. रात्री दोन वाजता मला हलवून उठवलं, नळापाशी उभं केलं आणि म्हणाली, "आता बघ. आणि तिकीट परस्पर क्लोज करायचं नाही." (तिकीट म्हणजे आमच्याकडे नोंदवलेली तक्रार.) तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक कागद आहे, त्यावर घरातले उघडे बग लिहिलेले असतात. प्राधान्य ती ठरवते. खिडकीची कडी गेली अकरा महिने "पुढच्या स्प्रिंटमध्ये", म्हणजे कामाच्या पुढच्या ठरावीक टप्प्यात, आहे.

नातेवाइकांच्या प्रिंटरबद्दल मी लिहिणार नाही. जखम ताजी आहे.

अजून एक विनोद समजून घ्या, उपयोगी पडेल. फिल कार्लटन नावाच्या प्रोग्रॅमरच्या नावावर एक वचन सांगतात: संगणकशास्त्रात दोनच गोष्टी अवघड, कॅश कधी टाकून द्यायची ते ठरवणं आणि (कोडमधल्या गोष्टींना) नावं ठेवणं. मराठीत हे फार खुलतं, कारण नावं ठेवणं आपल्याला अजिबात अवघड जात नाही. मागाहून कोणीतरी त्याला शेपूट जोडलं: दोनच गोष्टी अवघड, कॅश, नावं ठेवणं आणि मोजताना एकाने चुकणं. (दोन म्हणून तीन सांगितल्या. आम्ही शून्यापासून मोजतो, त्यामुळे एकाची चूक आमची पाठ सोडत नाही.)

कॅश म्हणजे पैसे नव्हेत. पुन्हा पुन्हा लागणारी माहिती जवळ साठवून ठेवतात ती. काम झटपट होतं, पण खरी माहिती बदलली तरी कधी कधी जुनीच दिसत राहते. मग माणूस दोन तास कोड बदलत बसतो, स्क्रीनवर काडीचा फरक पडत नाही, स्वतःच्या बुद्धीवर शंका यायला लागते, आणि शेवटी कळतं की कोड पहिल्या पाच मिनिटांतच बरोबर झाला होता. हे प्रत्येकाचं झालेलं आहे. तुमच्या बहिणीचंही, खात्रीने.

तेव्हा पुढच्या वेळी ती कपाळाला हात लावून स्क्रीनकडे बघत बसलेली दिसली की दारातून नुसतं डोकावा आणि विचारा, "कॅश क्लिअर केलीस का?" एक तर उशी फेकून मारेल, नाही तर एकदम गप्प होऊन कीबोर्डकडे वळेल. काय झालं ते खाली नक्की लिहा.