पोर्ट लुईला रविवारी जाऊ नका

प्रश्न: ताई, मे महिन्यात मॉरिशसला निघालोय, मी, बायको आणि सासूबाई. एजंटने पोर्ट लुईला अर्धाच दिवस ठेवलाय आणि तोही रविवारी. म्हणतो तिथे बघण्यासारखं काही नाही. खरंय का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: आधी एजंटला फोन करा आणि वार बदलून घ्या. मी पहिल्यांदा रविवारीच गेले होते आणि बंद शटरं मोजून परत आले, पुन्हा मंगळवारी गेले तर तेच गाव ओळखू येईना. हे बाकी बेटासारखं नाहीये हो, राजधानी असली तरी ऑफिसचं गाव आहे, सकाळी बस भरभरून माणसं येतात आणि पाच वाजले की सगळी उलटी निघतात, आपल्या मुंबईच्या फोर्टसारखंच. बीच तर गावात नाहीच, त्यासाठी उत्तरेला ग्रां बे किंवा पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक, बहुतेक टूरिस्ट राहतात पण तिकडेच आणि इथे दुपारपुरते टपकतात. मागे डोंगर असल्यामुळे हवा कोंडते, सासूबाई आहेत तर सकाळी लवकर पोचा. मेट्रोने आलात तर मजा वाटेल, २०२० च्या सुरुवातीला सुरू झाली, आपल्या एल अँड टीने बांधलीय.

पहिला थांबा सेंट्रल मार्केट. तिथे आलुदा प्या, म्हणजे नावात थोडा फरक, बाकी आपला फालुदाच. आणि मग ढोल पुरी. काचेची पेटी असलेल्या गाडीसमोर लाइन दिसली की उभे राहा. मऊसूत पिवळी पोळी, आत चण्याची डाळ वाटून भरलेली, बिनगुळाच्या पुरणाची पोळी समजा, ती जोडीनेच मिळते, एकीवर एक ठेवून वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रसा, हिरवी मिरची, कागदात गुंडाळून हातात. माझ्या पुढे टाय लावलेला बँकेतला माणूस आणि मागे हमाल, दोघंही उभ्या उभ्याच खात होते, आणि दोघांनी गाडीवाल्याला मिरची वाढव सांगितलं. हे रविवारी नाही बघायला मिळणार.

नंतर कोदां वॉटरफ्रंट. मॉल, छत्र्या, सेल्फी, ते पटकन आटपा पण तिथलं ब्लू पेनी म्युझियम सोडू नका. १८४७ ची पोस्टाची दोन तिकिटं आहेत, एक पेनीचं केशरी आणि दोन पेन्सचं निळं. गव्हर्नरच्या बायकोने त्यातली काही पार्टीची आमंत्रणं पाठवायला वापरली होती. १९९३ मध्ये मॉरिशस कमर्शियल बँकेने पुढाकार घेतला, बाकी कंपन्यांनी वर्गणी घातली आणि वीस लाख डॉलरच्या आसपास मोजून ती परत आणली. रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवर तासातून थोडीच मिनिटं दिवा लावतात, बाकी वेळ नकला बघायच्या, त्यामुळे आत शिरतानाच वेळ विचारून घ्या.

प्रश्न: माझा भाऊ सीए आहे, मॉरिशस म्हटलं की हसतो. हे मॉरिशस रूट मॉरिशस रूट काय असतं? – एक वाचक, पुणे

उत्तर: हसू द्या. आपला आणि त्यांचा टॅक्सचा करार १९८२ चा, त्यात असं होतं की मॉरिशसच्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा कमावला तर त्यावर टॅक्स घ्यायचा हक्क मॉरिशसचा. आणि मॉरिशसमध्ये कॅपिटल गेन टॅक्स नाहीच! म्हणजे इथेही नाही, तिथेही नाही. पुढे १९९२ मध्ये त्यांनी ऑफशोअर, म्हणजे नोंदणी तिथे पण धंदा बाहेर अशा कंपन्यांसाठी कायदा केला, इकडे आपला बाजार नुकताच उघडला होता, मग काय, अमेरिकेतला फंड असो की आणखी कुठला, पोर्ट लुईत एक कंपनी काढायची आणि तिच्या नावाने भारतात पैसे घालायचे. तेरा लाखाच्या आतबाहेर वस्तीचा देश, आणि कितीतरी वर्षं आपल्याकडे सगळ्यात जास्त एफडीआय, म्हणजे थेट परदेशी गुंतवणूक, तिथूनच आलेलं दिसायचं. त्यात काही आपलाच पैसा फिरून येतोय असा आरोप कायम होता, तरी २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रूट कायद्यात बसतो असंच म्हटलं. शेवटी २०१६ मध्ये करार बदलला, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर टॅक्स भारतात. मधे २०२० ते २०२१ एफएटीएफच्या, म्हणजे काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, ग्रे लिस्टमध्येही (जादा देखरेखीखालच्या देशांच्या यादीत) जाऊन आले बिचारे.

प्रत्यक्षात बघायला काय आहे विचाराल तर काहीच नाही, कंपन्या कागदावर असतात. सर विल्यम न्यूटन स्ट्रीटवरून चालत जा, बँकाच बँका, पण बरीचशी ऑफिसं आता डोंगरापलीकडे एबेनच्या सायबर सिटीत गेलीत. माझं मत विचाराल तर ऊस, मग टूरिस्ट, मग फंड असं एकेक करत या लोकांनी घर चालवलंय, त्यात हसण्यासारखं कमीच आहे.

प्रश्न: आमची पणजी साखरेला मोरस म्हणायची आणि तिच्या घराण्यातला कोणीतरी मोरसला गेला तो परत आला नाही, असं सांगतात. शोध लागेल का? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: मोरस म्हणजेच मॉरिशस, तिथली पांढरी साखर मुंबईत उतरायची म्हणून मोरस साखर. आणि ती साखर पिकवायला माणसं इकडूनच गेली. २ नोव्हेंबर १८३४ ला मजुरांना घेऊन अटलस जहाज पोर्ट लुईत लागलं, त्यानंतर साडेचार लाखांच्या वर माणसं आली, बरीचशी बिहारची पण कोकणातलीही. आजही तिथे मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. उतरण्याची जागा म्हणजे आप्रवासी घाट, मार्केटच्या जवळच आहे, सोळा दगडी पायऱ्या. २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण मूळ इमारती थोड्याच उरल्यात, रस्ता काढताना निम्म्याअधिक गेल्या.

कागद मात्र उरलेत. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे जुनी रजिस्टरं आहेत, त्यात नाव, बापाचं नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज असं लिहिलेलं असतं, १८६० नंतरच्या काहींचे फोटोही. एक अडचण अशी की कारकुनाने कानावर पडेल तसं इंग्रजीत उतरवलं आणि आडनाव लिहिलंच नाही, मग बापाचं पहिलं नावच पुढे आडनाव झालं. त्यामुळे तुमचं आडनाव घेऊन शोधलंत तर हाती काही लागणार नाही. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्या गेलेल्याच्या वडिलांचं नाव आणि गावाचं जुनं नाव आत्ताच विचारून लिहून ठेवा.