अमेरिकेतल्या हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, ६३० आणि २२०० मीटर तरंगलांबीचे बँड (रेडिओपट्टे) मिळालेत. परवाना असला की लगेच सुरू करता येतं का?
नाही, आधी कळवावं लागतं. एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) २०१७ मध्ये ४७२–४७९ किलोहर्ट्झ (६३० मीटर) आणि १३५.७–१३७.८ किलोहर्ट्झ (२२०० मीटर) खुले केले खरे, पण वीज कंपन्या याच भागात उच्चदाबाच्या तारांवरून ग्रिडच्या संरक्षणाचे सिग्नल पाठवतात. म्हणून अँटेना कुठे आहे ते यूटीसी या त्यांच्या संघटनेला कळवायचं. अशी तार एक किलोमीटरच्या आत असेल तर आक्षेप येतो (गल्लीतल्या साध्या तारा यात धरत नाहीत). ३० दिवसांत काही आलं नाही, तर खुशाल सुरू करा. टेक्निशियन या सुरुवातीच्या परवाना वर्गाला मात्र परवानगी नाही.

खरी डोकेदुखी अँटेनाची. २२०० मीटरला पाव तरंगलांबी म्हणजे साडेपाचशे मीटर. नियमाने उंची जास्तीत जास्त ६० मीटर, आणि घरच्या अंगणात तेवढीही कुठली जमायला! मग आखूड अँटेनाची कसर भरून काढायला बादलीएवढी लोडिंग कॉइल गुंडाळायची, तरी बहुतेक शक्ती कॉइल आणि जमीन तापवण्यातच जाते. मर्यादा १ वॉट ईआयआरपीची (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या परिणामी शक्तीची) आहे, पण तेवढी गाठायलाही ट्रान्समीटरमधून शेकडो वॉट ओतावे लागतात. ६३० मीटरला ५ वॉट चालतात, कॉइलही आटोपशीर होते.

माझं ऐकाल तर ६३० पासूनच सुरुवात करा. आवाजी गप्पा विसरा. मोर्स किंवा डब्ल्यूएसपीआर (अगदी क्षीण सिग्नलही संगणकाने ओळखणारी पद्धत) वापरा, आणि हिवाळ्याच्या रात्री बसा, तेव्हा विजांची खरखर कमी असते.